गडाच्या फलकावर कोणाकोणाची नावं असावीत?

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, मिसिसिपी आणि मिनेसोटा या नद्यांच्या संगमावर, चुनखडीच्या कड्यावर फोर्ट स्नेलिंग नावाचा किल्ला आहे. सेंट पॉल-मिनियापोलिसचा विमानतळ त्याला अगदी लागून. भारतातून कोणी पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथे नेतो. राजगड-तोरणा पाहिलेल्या माणसाला तो बेताचाच वाटतो. एक गोल बुरूज, बराकींच्या रांगा, मधे कवायतीचं मैदान. तासाभरात सगळं बघून होतं. तरीही आपल्याकडे गडकिल्ल्यांवरून जे वाद चालू आहेत, ते समजून घ्यायला मला या जागेइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झालेला नाही.

हा संगम डकोटा या इथल्या मूळनिवासी लोकांचा. त्यांच्या भाषेत तो ब्डोटे, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या श्रद्धेनुसार त्यांच्या उत्पत्तीचं ठिकाण. 1805 साली अमेरिकी सैन्याचा लेफ्टनंट झेब्युलन पाइक इथे आला आणि सुमारे एक लाख एकर जमिनीचा करार करून गेला. सात डकोटा प्रमुख हजर होते, त्यातल्या दोघांनीच सही केली. मोबदल्याचा आकडा करारात कोराच ठेवला होता. पाइकच्या स्वतःच्या हिशेबाने त्या जमिनीची किंमत दोन लाख डॉलर होती. पुढे 1808 मध्ये सिनेटने त्या कोऱ्या जागी आकडा भरला: दोन हजार. सैन्य प्रत्यक्ष आलं ते 1819 मध्ये, म्हणजे इकडे शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढून दोनच वर्षं झाली होती. कर्नल जोसाया स्नेलिंगच्या देखरेखीखाली 1825 पर्यंत दगडी किल्ला पुरा झाला.

किल्ल्याच्या आडोशाला वस्ती वाढली. उत्तरेकडच्या रेड रिव्हर वसाहतीतून पूर आणि उपासमारीला कंटाळून आलेली कुटुंबं, फरचे व्यापारी, दारू विकणारे. लष्कराने ही सगळी अतिक्रमणं ठरवली आणि 1840 मध्ये सैनिक पाठवून माणसांना घराबाहेर काढलं, खोपटी पाडली. ती माणसं नदीच्या काठाने थोडी खाली सरकली, आणि तिथल्या वस्तीचं पुढे सेंट पॉल शहर झालं. आज ती या राज्याची राजधानी आहे. गडांवरच्या आणि पायथ्याच्या अतिक्रमणांच्या बातम्या मी इथून वाचतो तेव्हा हे आठवल्याशिवाय राहत नाही.

किल्ल्यात तळघरासारखी एक खोली आहे. दगडी भिंती, चूल, बसकं छत. ड्रेड आणि हॅरिएट स्कॉट हे गुलाम जोडपं इथे कसं राहत असेल, ते तिथे दाखवलं आहे. या प्रदेशात 1820 च्या कायद्याने गुलामगिरीला बंदी होती, तरी लष्करी अधिकारी आपले गुलाम बरोबर आणत होते. आपण मुक्त भूमीवर राहिलो आहोत, म्हणून आपण मुक्त आहोत, असा दावा स्कॉट दांपत्याने पुढे न्यायालयात लावला. 1857 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, आणि काळ्या माणसाला नागरिक म्हणून दाद मागण्याचा हक्कच नाही असं वर सांगितलं. अमेरिकेला यादवी युद्धाकडे ढकलणाऱ्या गोष्टींत हा निकाल मोजतात, आणि त्याचं एक मूळ या खोलीत आहे.

सर्वांत जड इतिहास किल्ल्याच्या आत नाही, खाली नदीकाठच्या सपाटीवर आहे. जमिनी गेल्या, कराराचे पैसे वेळेवर आले नाहीत, लोक उपाशी राहिले, आणि 1862 च्या ऑगस्टमध्ये डकोटा युद्ध पेटलं. गोऱ्या वसाहतींतली शेकडो माणसं मारली गेली, तेही विसरता येणार नाही. युद्ध संपल्यावर 26 डिसेंबरला मँकेटो गावात 38 डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिली. त्याआधीच, नोव्हेंबरमध्ये, सुमारे सोळाशे जणांना, मुख्यतः बायका, मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना, शंभराहून अधिक मैल चालवत इथे आणलं होतं. वाटेतल्या गावांत त्यांच्यावर हल्ले झाले. लाकडी कुंपणात त्यांनी इथला हिवाळा काढला. गोवर आणि इतर आजारांत 130 ते 300 माणसं गेली असा अंदाज आहे. जे वाचले त्यांना 1863 च्या मे महिन्यात बोटींत भरून राज्याबाहेर पाठवलं.

हे सगळं घडलेल्या जागेची गोष्ट लोकांना कशी सांगितली गेली? 1950 च्या दशकात इथून महामार्ग जाणार होता. लोकांनी विरोध केला, रस्ता बोगद्यातून नेला, आणि किल्ला वाचला. मग तो 1820 च्या दशकात जसा होता तसा पुन्हा उभारला. जुन्या गणवेशातले सैनिक, तोफेचे बार, लोहाराचा भाता. शाळेच्या सहली पिढ्यान् पिढ्या हेच बघून गेल्या. कुंपणातल्या माणसांची गोष्ट मधोमध आणली ती डकोटांनीच. 2002 मध्ये त्यांचे वंशज त्याच वाटेने चालत इथे आले आणि प्रत्येक मैलावर पूर्वजांची नावं लिहिलेल्या काठ्या रोवत गेले. पुढची दहा वर्षं दर दोन वर्षांनी ही यात्रा होत राहिली.

याचीही प्रतिक्रिया उमटली. राज्याच्या इतिहास संस्थेने किल्ल्याच्या पाटीवर ‘ॲट ब्डोटे’ एवढी भर घातली. त्यावरून 2019 मध्ये राज्य सिनेटमधल्या बहुमताने संस्थेचा निधी वर्षाला सुमारे 40 लाख डॉलरनी कापायचा घाट घातला. इतिहास बदलताय, आमच्या सैनिकांचा अपमान करताय, हे शब्द इथेही ऐकू आले. ती कपात शेवटी टिकली नाही. त्यामुळे अमेरिकेत सगळं शहाणपण आणि भारतात सगळी भांडणं, असं मी मुळीच म्हणत नाही. शिवाय पाटीवर नाव आलं म्हणून संगमावरची जमीन काही डकोटांना परत मिळालेली नाही.

2025 च्या जुलैमध्ये बारा मराठा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले, तेव्हा माझाही ऊर भरून आला. त्यानंतर घरच्या व्हॉट्सॲप गटावर जे सुरू झालं ते ओळखीचं होतं: गड कोणाचे, कोणाची कबर हलवायची, कोणत्या गावाचं नाव काय. मी काही लिहिलं की मावसभाऊ म्हणतो, “दादा, तुम्ही तिकडे बसून बोलता. इथे आम्ही दर रविवारी टाक्यातला गाळ काढतो.” त्याचं खरं आहे. स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या खांद्यावर दगड वाहून गड सांभाळणारी पोरं मी अमेरिकेत पाहिलेली नाहीत. इथला किल्ला तिकिटावर, सरकारी निधीवर आणि पगारी नोकरांवर चालतो.

म्हणूनच मागणं त्याच्यासारख्यांकडेच आहे. गडाखालच्या मेटांवर, म्हणजे पहाऱ्याच्या चौक्यांवर, पिढ्यान् पिढ्या पहारा केलेले रामोशी, कोळी, महार, बेरड आपल्या फलकांवर कुठे आहेत? सुरतेची लूट, वेढा, तह, राजांची नावं, सगळं असतं. इंग्रज आल्यावर पुरंदरच्या रामोशांचे हक्क गेले, त्यातून उमाजी नाईक उभा राहिला आणि 1832 मध्ये पुण्यात फासावर गेला. कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांच्या, म्हणजे गड राखणाऱ्या वंशपरंपरागत शिबंदीच्या, जमिनींचा कारभार मामलेदारांकडे गेला, तेव्हा 1844 मध्ये सामानगड आणि भुदरगडाचे दरवाजे बंद करून ते लढले. सामानगडावर ट्रेकला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं?

आपल्याकडे एक गोष्ट स्नेलिंगपेक्षा फार मोठी आहे. डकोटांना इथून हाकललं होतं, त्यांची आठवण ऐकली जावी म्हणून त्यांनाच शेकडो मैलांवरून परत यावं लागलं. आपल्या गडाखालची माणसं बहुतेक तिथेच आहेत, आणि आपल्याच भाषेत बोलतात. कोणतं मेट कोणाचं, कोणतं टाकं कोणी वापरायचं आणि कोणाला तिथे पाणी भरू दिलं जात नव्हतं, हे आजही म्हाताऱ्यांना विचारता येतं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात गडांचे हिशेब पडून आहेत, ते त्याच्याशी ताडून बघता येतात. बारा किल्ल्यांवर नवे फलक लागायचे असतील, तर मसुदा आधी पायथ्याच्या गावांच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा, आणि तिथल्या लोकांनी सांगितलेली भर घालूनच तो छापायला जावा. मावसभावाला मी हेच कळवलं आहे. त्याच्या गटाने एखाद्या मेटावर हे काम धरलं, तर ध्वनिमुद्रणाचा आणि लिहून काढण्याचा खर्च इथली आम्ही काही मंडळी उचलणार आहोत.