प्रत्येक टोचणी सैतानाची नसते

ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांमध्ये एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, पण आशय असा असतो: अपराधीपणाची प्रत्येक भावना सैतानाकडून येते, ख्रिस्तामध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाही, येशूला धरून देणारा शिष्य यहूदा, त्याचा जीव अपराधीपणानेच घेतला, देवाने तुमचे पाप समुद्राच्या तळाशी टाकले आहे, ते तुम्ही उकरून काढू नका, आणि एवढे असूनही मनाला लाज वाटत असेल, तर तुमचा विश्वास कमी पडतो आहे. हा संदेश चांगल्या हेतूने पाठवला जातो याविषयी मला शंका नाही. परंतु त्यात अपराधाची जाणीव आणि लाज या दोन निराळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या आहेत, त्यामुळे ज्याने काही करून ठेवले आहे तो परस्पर सुटतो आणि जिने काहीच केलेले नाही ती आणखी खचते.

हा घोटाळा होण्यास आपली भाषाही थोडी कारणीभूत आहे. शेजाऱ्याच्या झाडाचे आंबे चोरलेल्या मुलाला आपण ‘हे चुकलेच, जाऊन सांग’ असे क्वचितच म्हणतो. ‘लाज नाही वाटत?’ असेच तोंडातून निघते. म्हणजे बोलायचे असते आंब्यांबद्दल आणि बोलणे होते मुलाबद्दल. खऱ्या अपराधाला तारीख असते, ठिकाण असते आणि ज्याचे नुकसान झाले असा कोणीतरी समोर असतो. लाजेला यातले काहीच लागत नाही.

आता संदेशातील पहिला मुद्दा. ‘दंडाज्ञा नाही’ हे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातील वचन खरे आहे. पण दंडाज्ञा हा न्यायालयातील शब्द आहे. न्यायाधीशाने शिक्षा फर्मावली नाही याचा अर्थ आरोपीने आपण काय केले हे विसरावे, असा होत नाही. हेच वचन लिहिणारा पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात सांगतो की, आपल्या आधीच्या पत्राने त्यांना दुःख झाले याचा आता आपल्याला आनंद वाटतो, कारण त्या दुःखाने त्यांना पश्चात्तापाकडे नेले. तेथेच तो दोन दुःखांमध्ये स्पष्ट फरक करतो: एक देवाच्या इच्छेस अनुसरून होणारे, ज्याचा शेवट तारणात होतो, आणि दुसरे जगाचे, ज्याचा शेवट मरणात होतो. प्रत्येक टोचणी सैतानाची असती तर पौलाला हा फरक करण्याची गरजच पडली नसती. शिवाय योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे पापाविषयी खातरी करून देणे हे पवित्र आत्म्याचे काम आहे. ते सैतानाच्या खात्यावर मांडणे ही लहानसहान चूक नव्हे.

दुसरा मुद्दा यहूदाचा, आणि तो सावकाश पाहण्यासारखा आहे. मत्तयाच्या 27 व्या अध्यायात यहूदा पस्तावतो, 30 रुपये परत घेऊन मुख्य याजकांकडे जातो आणि निर्दोष रक्त धरून देऊन आपण पाप केले, असे स्पष्ट शब्दांत सांगतो. त्याने कृत्याचे नाव घेतले, पैसे परत केले. इथवर त्याच्या जाणिवेत काहीही वावगे नाही. (त्याच्या पस्तावण्याचा मूळ ग्रीक शब्दच हलक्या प्रतीचा आहे, असे अनेक उपदेशांत ऐकायला मिळते, पण पौलाने वर सांगितलेल्या पत्रात तेच क्रियापद स्वतःसाठी वापरले आहे, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभारू नये.) याजकांनी त्याला काय उत्तर दिले ते पाहा: त्याचे आम्हांला काय, तुझे तू बघ. पाप्यासाठी प्रायश्चित्त करणे हेच ज्यांचे काम होते त्यांनी दार लावून घेतले आणि तो एकटाच निघून गेला. त्याला कबुलीने मारले नाही. आता आपल्यासाठी परतीची जागा उरली नाही, हे त्याने धरून चालल्यामुळे तो मेला.

यहूदाने येशूला धरून दिले त्याच रात्री दुसरा शिष्य पेत्र याने प्रभूला तीनदा नाकारले होते, तेही कोळशाच्या शेगडीशी शेकत उभा असताना. नव्या करारात कोळशाच्या विस्तवाचा तो ग्रीक शब्द दोनच ठिकाणी येतो, एकदा त्या अंगणात आणि एकदा पुनरुत्थानानंतर तिबिर्या समुद्राच्या काठी, जेथे येशू मासळी भाजत बसला आहे. म्हणजे पेत्राला पुन्हा त्याच धुराच्या वासापाशी आणले जाते आणि तीन नकारांसमोर तीनदा प्रश्न विचारला जातो. ‘जाऊ दे, मी विसरलो’ असे येशू म्हणत नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुःखी होतो, असे योहान मुद्दाम नोंदवतो. तरीही हाच पेत्र पूर्वी एकदा जाळी भरून मासे मिळाले तेव्हा, प्रभू, माझ्यापासून दूर हो, मी पापी आहे, असे म्हणाला होता. आणि आता, प्रत्यक्ष घात करून बसल्यावर, तो मचव्यातून पाण्यात उडी टाकून त्याच्याकडेच निघाला. माणूस कोणत्या दिशेने चालला आहे यावरून टोचणीचा प्रकार ओळखता येतो.

समुद्राच्या तळाचा मुद्दा मीखा संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायातील आहे आणि त्याबद्दल थोडक्यात बोलून पुरेल. पाप देवाने समुद्रात टाकले, शेजाऱ्याचे पैसे नव्हेत. लेवीयच्या सहाव्या अध्यायात फसवून घेतलेली वस्तू पाचव्या हिश्शाची भर घालून मालकाला आधी परत करायची आणि मग अर्पण आणायचे, असा क्रम आहे. येशूला भेटलेला जकातदार जक्कय तर चौपट द्यायला उभा राहिला. मंडळीच्या निधीत हात घातलेला खजिनदार साक्षीच्या वेळी ‘प्रभूने मला क्षमा केली’ असे सांगतो आणि हिशेबाची वही मात्र दाखवत नाही, तेव्हा हाच संदेश त्याच्या उपयोगी पडतो.

एक गोष्ट मात्र संदेशाच्या बाजूने मान्य केली पाहिजे. काही जण एकच जुने पाप दर आठवड्याला पुन्हा कबूल करतात, आणि कितीही वेळा क्षमा ऐकली तरी त्यांना ती लागू वाटत नाही. तरुण मार्टिन ल्यूथर मठात असताना पापस्वीकारासाठी तासन् तास बसत असे. हे अधिक तीव्र पश्चात्तापाचे लक्षण नव्हे. मंत्रचळाच्या जातीचे दुखणे आहे, आणि त्यासाठी पाळकाबरोबरच डॉक्टरकडेही जावे.

शेवटचा मुद्दा, म्हणजे लाज वाटते तर विश्वास कमी पडतो आहे, हा मला सर्वांत घातक वाटतो. पंडिता रमाबाईंनी 1887 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात उच्चवर्णीय विधवेची स्थिती मांडली: नवऱ्याचा मृत्यू हे तिच्याच मागील जन्मीच्या पापाचे फळ, असे तिला सांगितले जाई. तिने कोणाकडे, कशाची क्षमा मागायची? आजही प्रभुभोजनाचे ताट आले की मान खाली घालून ते पुढे सरकवणाऱ्या बाया मंडळीत असतात; कोणाला नवऱ्याने टाकलेले असते, कोणावर लहानपणी जवळच्याच माणसाने हात टाकलेला असतो. ज्या घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या जन्मावरून हीन ठरवले गेले, त्यांना व्यासपीठावरून ‘तुम्ही नालायक आहात’ एवढेच ऐकवले, तर तो पापाविषयीचा उपदेश ठरत नाही, जुन्याच शिवीची उजळणी ठरते.

लूकच्या आठव्या अध्यायात 12 वर्षे रक्तस्राव होत असलेली स्त्री येते. नियमशास्त्राप्रमाणे ती बसेल ती जागाही विटाळे, म्हणून ती गर्दीत मागून येऊन वस्त्राच्या गोंड्याला शिवते. येशू पक्षघाती माणसाला तुझ्या पापांची क्षमा झाली असे म्हणाला होता. हिला तो तसे म्हणत नाही, कारण क्षमा करण्यासारखे येथे काही नव्हते. तो तिला सर्वांदेखत पुढे बोलावतो आणि ‘मुली’ अशी हाक मारतो. ती कापत कापत पुढे आली, असे लूक लिहितो. तिच्या विश्वासाने तिला बरे केले, हे येशूने त्याच क्षणी सांगितले. तिचे कापणे थांबण्याची त्याने वाट पाहिली नाही.