करिष्ये म्हणा, पळीभर पाणी सोडा

यंदा स्वतःत काहीतरी सुधारणा करायचीच, असं तुम्ही ठरवलं असेल तर अभिनंदन. कठीण काम होऊन गेलेलं आहे. आता उरतं ते किरकोळ, आणि ते कोणाकडून करून घ्यायचं एवढंच शिकायचं बाकी आहे.

ही विद्या आपल्याला परकी नाही. सत्यनारायणाला बसलेला यजमान डोळ्यांपुढे आणा. गुरुजी शालिवाहन शकापासून सुरुवात करून संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र असा काळाचा अख्खा पत्ता सांगतात. यजमान नाव-गोत्र पुटपुटतो, ‘करिष्ये’ म्हणतो आणि हातावरून पळीभर पाणी ताम्हनात सोडतो. संकल्प झाला. पुढचे मंत्र गुरुजींचे, प्रसादाचा शिरा आत बायका ढवळतायत, केळीचे खुंट धाकट्या भावाने पहाटेच चौरंगाला बांधलेत, आणि पुण्य मात्र यजमानाच्या खात्यावर. वैयक्तिक ध्येयं याच रीतीने ठरवायची असतात. लोकांची ध्येयं फसतात ती ही रीत सोडल्यामुळे.

आधी मुहूर्त. याबाबतीत आपल्याइतका श्रीमंत समाज नसेल. साडेतीन मुहूर्त तर आहेतच (त्यातला अर्धा कोणता यावर वाद घालण्यातच एक संध्याकाळ छान जाते), शिवाय एक जानेवारी, एक एप्रिल, वाढदिवस आणि दर सोमवार. २०१४ साली हेंगचेन दाय, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस या तीन संशोधकांनी दाखवून दिलं की आठवडा, महिना किंवा वर्ष नव्याने सुरू झालं की लोक ‘डाएट’ हा शब्द इंटरनेटवर जास्त शोधतात आणि जिममध्येही जास्त जातात. ही उत्साहाची गोष्ट आहे असं त्यांना वाटलं. तुम्ही त्यातली खरी सोय बघा. माणूस सोमवारी नवा होणार असेल, तर बुधवारपासून रविवारपर्यंत त्याला जुनं राहायला हरकत नाही. आपल्या पूर्वजांना हे माहीत होतं. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं वर्ज्य, म्हणून आषाढ शुद्ध नवमीला कांदाभजी, कांद्याची थालीपीठं, भरलं वांगं असं सगळं एकदाच हाणून घ्यायचं. कांदेनवमी ती हीच. आपण तिचा विस्तार केला, इतकंच. आता ती वर्षभर चालते.

मग शब्दरचना. ध्येय सकारात्मक हवं, असं सगळे तज्ज्ञ सांगतात, आणि याबाबतीत तज्ज्ञांचं डोळे मिटून ऐका. ‘मी घरात ओरडणार नाही’ असं चुकूनही लिहू नका. पहिल्यांदा ओरडलात की पकडले गेलात. ‘मी शांततेचा स्रोत आहे’ असं लिहा. स्रोत उन्हाळ्यात आटतो, त्याला कोणी काय करावं? ‘गोड बंद’ ही भाषा तर नकारात्मकतेने नुसती भरलेली आहे. ‘मी माझ्या शरीराचं ऐकतो’ म्हणा. शरीर जिलबी म्हणालं, तुम्ही ऐकलंत. किती, कधी, कुठे या शब्दांना तर उंबऱ्याच्या आत घेऊ नका. आजीची फजिती तिथेच व्हायची. सोळा सोमवार म्हणजे सोळाच, सतराव्या सोमवारी उद्यापन. शिवाय उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये अशी तंबी वर. शेजारच्या काकूंनासुद्धा बोटांवर मोजता यावं इतका उघडा कारभार. असल्या नेमात पळवाट कुठून सापडणार?

खरेदीबद्दल फार सांगायला नको, ती तुम्ही करून टाकलीच असेल. फक्त एक लक्षात ठेवा: फुकट होणारी सुधारणा टिकत नाही. पर्वतीच्या पायऱ्या चढायला फी नाही, त्यामुळे तिथे ध्येयाला वजनच येत नाही. वर्षाची फी एकरकमी भरून जिमचं कार्ड घ्या. अमेरिकेत स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके मालमेंडियर या अर्थतज्ज्ञांनी जिमच्या सभासदांचा हिशेब तपासला होता. महिन्याला सत्तर डॉलरहून जास्त भरणारे लोक महिन्यातून सरासरी चार-साडेचार वेळा जात होते. म्हणजे एका खेपेला सतरा डॉलरच्या वर पडत होते, आणि तिथेच दहा डॉलरला एक खेप असा पास मिळत होता. २००६ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा लोक हसले. हसण्यासारखं त्यात काय होतं? वरचे सात डॉलर हे ‘मी जिमला जातो’ हे वाक्य उच्चारण्याचे होते. स्वस्तच म्हणायचं.

उच्चारण्यावरून आठवलं. ध्येय ठरलं की ते जाहीर करा. सोसायटीच्या ग्रुपवर, भावंडांच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर. हात जोडलेले, अंगठे वर केलेले आणि गुलाबाची फुलं यांचा पाऊस पडला की छातीत जी ऊब येते, ती खऱ्या सुधारणेनंतर येणाऱ्या उबेइतकीच असते. पीटर गोलवित्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रयोग करून हेच मांडलं: आपला इरादा दुसऱ्या कोणी वाचून त्याची दखल घेतली, की माणूस त्या कामाला कमी वेळ देतो, आपण तिथे पोचलोच असं त्याला वाटू लागतं. हा इशारा आहे असं समजून पुष्कळांनी तोंडं बंद केली. अहो, न चालता पोचता येत असेल तर हा शोध आहे!

आता मुख्य मुद्दा, जो बाकीचे मार्गदर्शक गाळतात.

‘स्मार्ट’ (SMART) ध्येयं तुम्ही ऐकली असतील, ज्यात एकेक इंग्रजी अक्षर म्हणजे चांगल्या ध्येयाची एकेक कसोटी. प्रत्येक प्रशिक्षणात पहिल्या अर्ध्या तासात ही पाच अक्षरं पडद्यावर येतातच. १९८१ साली जॉर्ज डोरन नावाच्या गृहस्थांनी एका व्यवस्थापनविषयक मासिकात ती मांडली, तीही कंपन्यांमधल्या मॅनेजरांसाठी. त्यातल्या ‘ए’ या अक्षराचा आज सगळीकडे ‘साध्य होण्याजोगं’ असा अर्थ सांगतात. डोरनसाहेबांनी तसं म्हटलंच नव्हतं. त्यांचा ‘ए’ होता ‘असाइनेबल’, म्हणजे काम करणार कोण ते ठरवा. नंतरच्या लोकांनी ते बदललं आणि कोट्यवधी माणसं आपली ध्येयं स्वतःच पार पाडायच्या भानगडीत पडली. तुम्ही मूळ संहितेकडे परत चला.

उदाहरणार्थ, पहाटे पाचला उठणं. गजर तुमचा, उठायची बायको. तिने गजर बंद करावा, तुम्हाला हलवावं, पाच मिनिटांनी परत हलवावं, आणि सातला तुम्ही ‘मला उठवलं का नाहीस?’ असं विचारावं. यात तुमचा सहभाग अजिबात कमी नाही. प्रश्न तुम्हीच विचारलात.

आहाराचं तर विचारूच नका. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात दीक्षित की दिवेकर, यावरून लग्नाच्या पंगतीतसुद्धा दोन तट पडायचे. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते की दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या की दर दोन तासांनी थोडं थोडं खा. इन्शुलिन, चयापचय, आजीच्या काळचं खाणं, सगळ्यावर घनघोर चर्चा झाली. एका घरात बाबा दीक्षित, लेक दिवेकर आणि आजोबा साधे मधुमेही असले, तर ओट्याशी दिवसातून किती वेळा कोणी उभं राहायचं, हा प्रश्न मात्र चर्चेत आला नाही, आणि तो आपण आता आणणारही नाही. तुमचं काम ‘आजपासून मोड आलेली कडधान्यं’ असं जाहीर करण्याचं. मटकी आदल्या दिवशी भिजवायची, रात्री फडक्यात बांधायची, थंडीत मोड येत नाहीत म्हणून ते गाठोडं ऊबदार कोपऱ्यात ठेवायचं, हे सगळे तपशील आहेत, आणि ध्येयवादी माणसाने तपशिलात अडकू नये. पोळी सोडून भाकरीवर या. घरात इतरांसाठी पोळ्या होणारच आहेत, त्यामुळे भाकरीसाठी वेगळं पीठ, वेगळा तवा, एवढंच. पहिल्या भाकरीचा घास घेऊन ‘जरा जाड झाली का गं?’ असं हळुवार विचारा. सुधारणेत अभिप्रायाला फार महत्त्व असतं.

ध्यानही असंच. तुम्ही दहा मिनिटं डोळे मिटणार. त्या दहा मिनिटांत कुकरची शिट्टी होणार नाही, मुलं खुर्ची ओढणार नाहीत, कामवाल्या मावशी भांडी आपटणार नाहीत, याची जबाबदारी बाकी घरावर. एका माणसाच्या मनःशांतीसाठी पाच माणसांनी श्वास रोखून धरायचा, ही सामुदायिक साधनाच झाली. मोबाइल कमी वापरायचं ठरवलं असेल तर मुलाचा काढून घ्या. कुटुंबाला वेळ द्यायचा असेल तर शनिवारी संध्याकाळी सात ते आठ सोफ्यावर उपलब्ध राहा. मुलीचा क्लास आणि बायकोचा स्वयंपाक नेमका त्याच वेळी असेल, पण तुम्ही उपलब्ध होतात ही नोंद कोणी पुसू शकत नाही.

नोंदीवरून मोजमाप आलं. दिवसाला दहा हजार पावलं हे प्रमाण तुम्ही घेतलंच असेल. टोकियोत १९६४ साली ऑलिंपिक झालं, तिथे व्यायामाचं वारं सुटलं आणि पुढच्याच वर्षी एका जपानी कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं; दहा हजार हा आकडा त्या यंत्राच्या नावात होता. प्रयोगशाळेत नव्हे, दुकानात जन्मलेला आकडा. २०१९ साली आय-मिन ली यांच्या गटाने वयस्क अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा साडेसात हजारांच्या आसपास फायदा वाढायचा थांबतो असं दिसलं. पण साडेसात हजार हा काय आकडा झाला? ग्रुपवर टाकायला दहा हजारच बरे दिसतात. रात्री साडेदहाला पंधराशे कमी पडली, तर घड्याळ धाकट्याच्या मनगटाला बांधा आणि त्याला जिन्यावरून दोन चकरा मारायला लावा. पुन्हा सांगतो, असाइनेबल.

सवय लागायला एकवीस दिवस पुरतात, असंही कोणी तुम्हाला सांगेल. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं की चेहरा बदललेल्या रुग्णांना तो आपला वाटायला निदान एकवीस दिवस लागतात. त्यातला ‘निदान’ वाटेत कुठेतरी गळला. पुढे लंडनला फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांवर रीतसर अभ्यास केला, तर सरासरी ६६ दिवस निघाले, आणि कोणाला १८ तर कोणाला २५४. आपल्याकडे हे संशोधन फार पूर्वीच होऊन गेलं आहे, आणि निष्कर्ष नऊ दिवस असा आला होता.

दहाव्या दिवशी गडबडून जाऊ नका. ध्येय मोडलं की कारण लागतं, आणि तेही सोपवता येतं. ‘तू होळीला पुरणपोळ्या केल्यास, तिथून माझी घसरण लागली.’ एवढं वाक्य पाठ ठेवा. पोळ्या तुमच्याच मित्रांसाठी केल्या होत्या, असं उत्तर येऊ शकतं. अशा वेळी आठवा, तुम्ही शांततेचा स्रोत आहात. गप्प राहा.

खरा धोका वेगळाच आहे. कधीतरी एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता बायको सांगते, ‘एक तारखेपासून मंगळवारी आणि शुक्रवारी सहा ते साडेसात मी गाण्याच्या क्लासला जाणार आहे. फी भरून आले.’ डायरीत लिहिलेलं नाही, ग्रुपवर टाकलेलं नाही, शब्दांत सकारात्मकता औषधालाही नाही. वार, वेळ आणि ठिकाण तेवढं आहे. अशी ध्येयं पार पडतात, म्हणून ती वेळीच ओळखायला हवीत. विरोध करू नका. भरभरून कौतुक करा, तिच्या वतीने सगळ्या ग्रुपवर जाहीर करून टाका, महागातली डायरी भेट द्या. त्यानेही भागलं नाही तर वास्तवाचा मुद्दा काढा आणि काळजीच्या सुरात विचारा, ‘तू जाशील गं, पण माझ्या सहाच्या चहाचं काय?’

‘चहापत्ती डाव्या फळीवर, साखर तिच्या शेजारी,’ असं उत्तर आलं तर मात्र माघार घ्या. चहाचं ध्येय टप्प्याटप्प्यानेच ठरवा. पहिल्या तिमाहीत डावी फळी नक्की कोणाच्या डावीकडची, एवढंच.