परदेशातून : पन्नास किलोची गोणी आणि दोन लँडिंग

नेरुळच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर डिसेंबरात विमानांच्या पायलटांवरून पेटलेला वाद अजून विझलेला नाही. सेक्रेटरी काकांचं मूळ वाक्य असं होतं : "महिन्याला आठ-दहा लाख घेतात आणि वर दोन-दोन दिवस झोपायला पाहिजे. एस्मा लावा, सरळ येतील." (एस्मा म्हणजे अत्यावश्यक सेवांमधल्या संपावर बंदी घालणारा कायदा.) वाक्याखाली अंगठ्यांची रांग. उलव्याचं नवं विमानतळ सुरू झाल्यापासून तर कुणाची फ्लाइट लेट झाली की तेच वाक्य कुणीतरी पुन्हा वर काढतं.

फ्रँकफर्टला माझं काम रोस्टर लावण्याचं. कुठला पायलट कुठल्या विमानात किती वाजता बसणार, ते ठरवायचं. त्यामुळे पगाराचा आकडा वाचून मला काही होत नाही, पण "दोन-दोन दिवस झोप" वाचलं की डोकं फिरतं.

नियम नेमका काय बदलला ते आधी बघू. डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, ८ जानेवारी २०२४ ला ड्युटीचे नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांची ४८ झाली, तीही दोन रात्री धरून. 'रात्र' पूर्वी बारा ते पाच होती, ती बारा ते सहा झाली. रात्रीच्या ड्युटीत सहा लँडिंग चालत होती, ती दोनवर आली. हे सगळं जून २०२४ पासून लागू व्हायचं होतं. कंपन्यांनी ते लांबवून घेतलं, पायलटांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि शेवटी दोन हप्ते ठरले : १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५. डिसेंबर उजाडला आणि इंडिगोचं वेळापत्रक कोसळलं. ३ ते ५ डिसेंबर ह्या तीन दिवसांत २,५०७ उड्डाणं रद्द, तीन लाखांवर प्रवासी अडकलेले. संप कुणीही केलेला नव्हता. हे मी ग्रुपवर चार वेळा लिहिलं. चारही वेळा उत्तर एकच : "पण पायलटमुळेच ना?"

बरं, एक रात्र मांडून बघू. रिपोर्टिंग २३:१०. मुंबईहून ००:१० ला उड्डाण, अहमदाबादला ०१:२०. पस्तीस मिनिटांत विमान रिकामं करायचं, झाडायचं, भरायचं. ०१:५५ ला निघून हैदराबाद ०३:४०, तिथून ०४:१५ ला निघून मुंबई ०५:४०. जुन्या नियमात ही रात्र बिनबोभाट बसायची, वर आणखी तीन लँडिंगची मुभा शिल्लक. नव्या नियमात हैदराबादला थांबावं लागतं. मुंबईपर्यंतच्या शेवटच्या टप्प्याला दुसरी जोडी हवी. ती हैदराबादची नसेल तर आदल्या दिवशी प्रवासी म्हणून नेऊन ठेवायची, आणि तो प्रवासही ड्युटीतच मोजायचा. पहिली जोडी हॉटेलात जाणार, तिची विश्रांती पूर्ण झाल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. एका विमानाची एक रात्र दोन माणसांत निभायची, तिला चार लागली.

आठवड्याच्या सुट्टीचं गणित त्याहून सोपं. आठवड्यात तास १६८. त्यातले ३६ वजा केले की रोस्टरच्या हाताशी १३२ उरायचे, आता १२० उरतात. दर शंभर पायलटांमागे आठवड्याला बाराशे तास कमी. हे आम्हाला कागदाच्या मागच्या बाजूवर मांडता येतं, मग ज्यांच्याकडे त्यासाठी आख्खं सॉफ्टवेअर आहे त्यांना ते २०२४ च्या जानेवारीतच दिसलेलं होतं.

रोस्टर एकदम का कोसळतं, हेही कुणी विचारत नाही. ड्युटीचं घड्याळ चाक उचलल्यावर नव्हे, रिपोर्टिंगला सुरू होतं. दिल्लीत धुकं पडून दोन तास गेले तर कॉकपिटात नुसत्या बसलेल्या जोडीचेही दोन तास जळतात. तिची वेळ संपली की स्टँडबायवरचा, म्हणजे राखीव ठेवलेला, माणूस उचलायचा. दुपारपर्यंत स्टँडबाय संपतात. संध्याकाळी विमान कोचीला उभं आणि पायलट पाटण्याच्या हॉटेलात, अशी गत होते. सरकारकडे दिलेल्या आकड्यांनुसार नव्या नियमांसाठी इंडिगोच्या ए-३२० ताफ्याला २,४२२ कॅप्टन हवे होते, होते २,३५७. म्हणजे कमी किती, तर ६५. को-पायलट तर गरजेपेक्षा जास्तच. एवढ्याशा खड्ड्यात एवढी मोठी कंपनी पडली, कारण कडेला वीतभरही जागा ठेवलेली नव्हती. आमच्या धंद्यात मोकळा पायलट दिसला की मॅनेजमेंटला तो 'वाया गेलेला' वाटतो. फ्रँकफर्टलाही वाटतो.

आणि कॅप्टन बाजारातून आणता येत नाही. दोनशे तासांवर कमर्शियल लायसन्स मिळतं, कॅप्टन व्हायला लागणाऱ्या मोठ्या लायसन्सला पंधराशे तास लागतात. मग त्या जातीच्या विमानाचं रेटिंग, म्हणजे ते चालवायचा वेगळा परवाना, सिम्युलेटर, ट्रेनिंग कॅप्टनच्या शेजारी बसून लाइनवरची उड्डाणं, आणि त्या ट्रेनिंग कॅप्टनलाही तेच ड्युटीचे नियम. नोव्हेंबरात लागणारा कॅप्टन आदल्या वर्षीच तयारीला घ्यावा लागतो. गंमत बघा : आपल्याकडे कॅप्टनला नोकरी सोडायची तर २०१७ पासून एक वर्षाची नोटीस द्यावी लागते. २०२३ मध्ये ४३ पायलट नोटीस न भरता गेले म्हणून आकासा एअर कोर्टात गेली होती. पायलटने वर्षभर आधी सांगायचं, आणि इंडिगोला बावीस महिने आधी सांगितलं तरी तिला ते 'अचानक'. ५ डिसेंबरला तिला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारीपर्यंत सूट मिळाली. दंड जानेवारीत झाला, २२ कोटी २० लाख.

त्याच ५ डिसेंबरला आणखी एक गोष्ट गेली, ती कुणाच्या लक्षातही आली नाही. रजा ही आठवड्याची विश्रांती म्हणून धरायची नाही, ही सूचना डीजीसीएने मागे घेतली. म्हणजे तुम्ही पुतणीच्या लग्नाला दोन दिवस हक्काची रजा काढलीत, तर रोस्टरवाला म्हणू शकतो की झाली तुमची ह्या आठवड्याची विश्रांती. अशी चौकट भरायला एक क्लिक लागतं. ते क्लिक करणाऱ्यांपैकी मी आहे, म्हणून सांगते.

वाढवलेल्या पाच ते सहा ह्या तासाला ग्रुपवर "नखरे" म्हटलं गेलं. २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं विमान मंगळूरला सकाळी सहाच्या सुमारास धावपट्टी ओलांडून दरीत गेलं, १५८ माणसं गेली. कॉकपिटच्या रेकॉर्डरवर पहिला एक तास चाळीस मिनिटं बोलणं नाही, घोरणं आहे. उतरताना को-पायलट 'गो अराउंड' (न उतरता पुन्हा वर चला) म्हणत होता आणि नुकता जागा झालेला कॅप्टन ऐकत नव्हता. पगाराची स्लिप बघून शरीर जागं राहत नाही. बाकी पगाराचंही म्हणाल तर त्याचा मोठा भाग उडालेल्या तासांवर असतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये विस्तारा विमान कंपनीचे पायलट बिथरले ते ह्याचसाठी : हमीच्या ७० तासांचे ४० केले होते. कमी उडणं पायलटला परवडत नाही, तरी तो कमी उडू द्या म्हणतोय, ह्याचा काही अर्थ लागतो का?

आमच्याकडे, म्हणजे इथे, संप ही कॅलेंडरमधली गोष्ट आहे. २ सप्टेंबर २०२२ ला लुफ्तान्साच्या पायलटांनी एक दिवस काम थांबवलं, सुमारे ८०० उड्डाणं गेली. आदल्या दिवशी मेसेज आले, लोकांनी एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, तक्त्याकडे बघावं तसं बघितलं आणि तिकिटं बदलली. २०१४ ते १६ मध्ये तर चौदा वेळा संप झाला, कुणी देशद्रोही म्हटल्याचं आठवत नाही. आणि स्वतःच्या पायलटांचा कायदेशीर संप ही भरपाई टाळायची सबब होत नाही, असं युरोपीय न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये सांगितलेलं आहे. फ्रँकफर्ट-मुंबई रद्द झाली तर माणशी ६०० युरो. आपल्याकडे कमाल दहा हजार रुपये. रद्द करणं स्वस्त पडलं की राखीव पायलट महाग वाटायला लागतात, एवढं साधं आहे.

हे सगळं ग्रुपवर ठोकून झाल्यावर एका काकूंनी एकच ओळ लिहिली : "मग जर्मनीत आठवड्याला किती विश्रांती गं?"

छत्तीस तास. युरोपच्या नियमात अजून ३६ च आहेत, महिन्यातून दोनदा ती वाढवून दोन पूर्ण दिवसांची करायची एवढंच. कागदावर आपला नियम आता पुढे आहे, आणि ते मी तोपर्यंत सोयीस्करपणे सांगितलेलं नव्हतं. आणखी एक सांगायचं राहिलं होतं. फ्रँकफर्टला रात्री अकरा ते पाच विमानांची ये-जा बंद असते. रात्री दोनला आणि पावणेचारला लँडिंग लावायचा प्रश्न माझ्या टेबलावर तसा येतच नाही. मुंबईचं तसं नाही. दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच चालते, दिवसाचे स्लॉट भरलेले, म्हणून विमानं रात्रीत ढकलायची. माझ्या रोस्टरची शिस्त जर्मन आहे म्हणून मी मिरवते, तिच्यातली निम्मी ह्या विमानतळाच्या शेजारी राहणाऱ्यांच्या झोपेने कमावलेली आहे. शिवाय २०१५ च्या सप्टेंबरात इथल्याच कामगार न्यायालयाने लुफ्तान्साचा संप मध्येच बंद पाडला होता, आणि पायलट महाग झाले की स्वस्त करारांची नवी कंपनी काढायची कला इथेही चांगली अवगत आहे. लुफ्तान्साच्याच सिटी एअरलाइन्सची विमानं २०२४ पासून उडताहेत.

पण काकांचं वाक्य तरीही चूकच, आणि ते नेरुळमधून यावं ह्याचं जास्त वाईट वाटतं. वाशीच्या मार्केटला पन्नास किलोच्या वरची गोणी माथाडीने उचलायची नाही, ह्यासाठी किती वेळा काम बंद पडलं ते काकांनी माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. तेव्हाही व्यापारी म्हणायचे, सत्तर किलोने काय होतं, पैसे मिळतात ना? मणका किती सोसतो हे गोणी विकणाऱ्याने ठरवायचं नसतं, आणि दोन लँडिंगची मर्यादा ही पायलटची पन्नास किलोची गोणीच आहे. राहिला उलव्याचा विमानतळ. त्याखालची जमीन ज्यांची, त्यांना घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड कुणी आपणहून दिले नाहीत. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या मागे माणसं रस्त्यावर आली, गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा मिळाले. आमच्या सेक्टरमधल्या कितीतरी इमारती त्याच साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर उभ्या आहेत. त्यातल्याच एकीच्या गॅलरीत बसून लोक लिहितात, हक्क मागणाऱ्यांना सरळ करा.

हे मी लिहिल्यावर काकांचं उत्तर आलं : "तू तिथे बसून बोलू नकोस, इथे येऊन रांगेत उभी राहा." ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. डिसेंबरच्या त्या तीन दिवसांत बॅगांच्या ढिगात मी नव्हते. 'आपल्याकडे' आणि 'आमच्याकडे' हे दोन शब्द मी एकाच परिच्छेदात दोन वेगळ्या देशांसाठी वापरते, हे मला टाइप करून झाल्यावर दिसतं, आणि मी ते दुरुस्त करत नाही.

मग काकांचा वेगळा मेसेज, ग्रुपवर नव्हे, मला एकटीला : "मे महिन्यात येतेस ना? किती वाजता उतरतेस ते कळव, गाडी घेऊन येतो."

रात्री पावणेदोन. दिवसा उतरणारं तिकीट नव्वद युरोने महाग होतं.