अनइन्स्टॉल करून टाकलं की झालं का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सर नमस्कार. टेस्टच्या फोनवर एडीबीने ॲप कसं टाकायचं या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली मग लिहायला बसलो, जरा लांबलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की टेस्टच्या फोनवर एपीके (ॲपची इन्स्टॉल करायची फाइल) टाकायला एवढं एडीबीचं (लॅपटॉपवरून फोनला कमांड द्यायच्या टूलचं) पुराण कशाला, केबल लावली तर एडीबीच्या लिस्टमध्ये फोन दिसतच नाही, त्यापेक्षा जुनं ॲप अनइन्स्टॉल करायचं, नवीन एपीके व्हॉट्सॲपवर पाठवायची, टॅप केलं की काम संपलं. आणि मायनस डी (एडीबीच्या इन्स्टॉल कमांडला जोडायचा एक पर्याय) बद्दल मी चुकीचं लिहिलंय.

मायनस डी चं तुमचंच बरोबर आहे. त्याने व्हर्जन मागे नेता येतं असं मी सरसकट लिहून टाकलं होतं, पण ते डिबगेबल बिल्डपुरतंच (टेस्टिंगसाठी बनवलेल्या ॲपपुरतंच) आहे, रिलीज बिल्डला (लोकांना द्यायच्या ॲपला) फोन नाही म्हणतो. लेखात दुरुस्त करतोय, मनापासून आभार.

पण अनइन्स्टॉलचं मला अजिबात पटत नाही, आणि का ते सांगतो. आमचं ॲप इथे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात चालतं. कुठल्या लूमवर (मागावर) किती माल निघाला, कुठला लूम किती वेळ बंद होता हे जॉबर (लूम सांभाळणारे) लोक फोनवर टाकतात, आणि पत्र्याच्या शेडमध्ये नेट धड येत नाही म्हणून नोंदी आधी फोनमधल्याच डेटाबेसमध्ये साठतात (तो अँड्रॉइडच्या 'रूम' लायब्ररीने केलाय), नेट मिळालं की सर्व्हरला जातात. मागे मी टेबलात एक कॉलम वाढवला, डेटाबेसचं व्हर्जन वाढवलं आणि मायग्रेशन (जुना डेटा नव्या रचनेत न्यायचा कोड) लिहायचं राहिलं. माझ्या टेबलावरच्या चारही फोनवर ॲप झकास चाललं, कारण मी दर वेळी जुनं काढूनच नवीन टाकायचो, म्हणजे डेटाबेस दर वेळी कोरा! कारखान्यात जुन्यावर नवीन गेलं आणि उघडलं की बंद, उघडलं की बंद, कारण जुन्या टेबलावरून नव्यावर यायची वाट लिहिलेली नसेल तर रूम सरळ एक्सेप्शन देऊन थांबतं. तिथल्या एका मामांनी स्वतःच ॲप काढून परत टाकलं, चालू झालं, पण सर्व्हरला न गेलेल्या तीन दिवसांच्या नोंदी त्यात गेल्या. तिथे पगार पीसवर असतो सर. दोन रात्री वह्या समोर घेऊन एकेक आकडा परत भरलाय आम्ही, मामा शेजारी बसून वाचून दाखवत होते. तेव्हापासून टेस्टचा एक फोन मी कधीच पुसत नाही, कारखान्यात जे व्हर्जन चालू आहे तेच त्यावर, खऱ्यासारख्या नोंदी भरून, आणि नवीन बिल्ड आधी त्याच्यावर एडीबी इन्स्टॉल मायनस आर ने जातं. मायनस आर म्हणजे डेटा तसाच ठेवून वर नवीन ॲप.

व्हॉट्सॲपची दुसरी अडचण म्हणजे नाही बसलं तर फोन बऱ्याचदा 'ॲप इन्स्टॉल झालं नाही' एवढंच म्हणतो, नेमकं का ते सांगत नाही. एडीबी कारण सांगतं, जागा कमी आहे का, टेस्ट ओन्ली बिल्ड आहे का (अँड्रॉइड स्टुडिओच्या रन बटणातून निघालेली एपीके अशी असते, तिला मायनस टी लागतं), का 'अपडेट इन्कम्पॅटिबल', म्हणजे फोनमधल्या जुन्या ॲपची आणि नव्याची डिजिटल सही जुळत नाही. हे शेवटचं आलं की लोक लगेच अनइन्स्टॉलकडे पळतात. पण दर लॅपटॉपवर डिबग कीस्टोअर (टेस्टच्या बिल्डवर सही करायची किल्ली असलेली फाइल) वेगळी तयार होते, त्यामुळे माझ्या बिल्डवर माझ्या मित्राचं बिल्ड बसणारच नाही बघा की, त्याला उपाय म्हणजे एकच डिबग कीस्टोअर प्रोजेक्टमध्ये ठेवून ग्रेडलला (बिल्ड बनवणाऱ्या टूलला) तीच वापरायला सांगायची. आमचं दहा मिनिटांत झालं. रिलीजची किल्ली मात्र अशी रिपॉझिटरीत (प्रोजेक्टच्या सामायिक कोडमध्ये) कधीच टाकू नका.

प्ले स्टोअरचं इंटर्नल टेस्टिंग आम्हीही वापरतो पण शेवटच्या टप्प्यात, कारण दर अपलोडला व्हर्जन कोड वाढवावा लागतो, आणि दिवसात वीस बिल्ड निघतात तेव्हा केबलच बरी.

आता फोन न दिसण्याचं. पहिली शंका केबलची घ्या, बऱ्याच केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, फोन चार्ज होतो म्हणून आपण निर्धास्त राहतो. मग सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा आणि यूएसबी डिबगिंग चालू करा. एडीबी डिव्हाइसेस (जोडलेल्या फोनची लिस्ट दाखवणारी कमांड) दिल्यावर 'अनऑथराइज्ड' आलं तर फोनचं लॉक उघडून बघा, परवानगीची खिडकी तिथे वाट बघत असते. अँड्रॉइड 11 पासून पेअरिंग कोड टाकून वायफायवरही जोडता येतं, केबलच नको असेल तर ते करा.

एकाच वेळी चार फोन लावले की एडीबी 'मोअर दॅन वन डिव्हाइस' म्हणून अडतं, तिथे मायनस एस पुढे त्या फोनचा सीरियल नंबर द्यायचा. आम्ही छोटी स्क्रिप्ट केलीय, लिस्टमधला एकेक नंबर घेऊन सगळीकडे टाकते आणि न पुसलेल्या फोनपासूनच सुरू करते, तिथे क्रॅश झालं तर बाकीच्यांना हातच लावत नाही. आज रात्री लेखात जोडतो. तुमची केबल बदलून झाली की लिस्टमध्ये काय येतंय ते इथेच लिहा, पुढचं बघू.