नीट हुकली म्हणून स्पीच थेरपी?

बारावीचे निकाल लागले की इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: स्पीच थेरपीचा कोर्स म्हणजे ‘नीट’, म्हणजे मेडिकलची प्रवेशपरीक्षा, हुकलेल्यांची सोय. चार वर्षं घालवून बोबड्या मुलांकडून ‘क’ आणि ‘त’ घोकून घ्यायचे. तेच काम सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवर, नाहीतर मोबाईलच्या अ‍ॅपवरही होतं. मूल उशिरा बोलत असेल तर घरातली मराठी बंद करा, थेरपिस्ट लागणारच नाही. आणि या कामावर इंदूरात पोट भरत नाही.

मी याच कामावर, याच शहरात पोट भरते, म्हणून हे लिहिणं.

आधी ते ‘क’ आणि ‘त’. उच्चारांचं काम आम्ही करतो, त्यात कमीपणा काही नाही. पण माझे कितीतरी पेशंट साठीच्या पुढचे आहेत. लकवा होऊन गेलेला, समोरचा माणूस ओळखू येतो, त्याचं नाव मात्र ओठावर येत नाही. त्याला वाचाघात म्हणतात. त्याच माणसाला कदाचित पाणी पितानाही ठसका लागतो. काहींना तर ठसकाही लागत नाही, पाणी गुपचूप श्वासनलिकेत उतरतं आणि पुढे न्यूमोनिया होतो. अन्न देण्यासाठी घातलेली नाकातली नळी कधी काढायची, पातळ द्यायचं की घट्ट, मान कशी ठेवायची, हे ठरवण्यात स्पीच थेरपिस्टचा वाटा मोठा असतो. गुटख्याने जीभ गमावलेले, कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढावं लागलेले लोकही आमच्याकडेच येतात. स्वरयंत्र नसलेल्या माणसाला अन्ननलिकेतून आवाज काढायला शिकवणं हे घोकंपट्टीचं काम वाटत असेल, तर एकदा समोर बसून बघावं.

इथेच इंदूरच्या मराठी मुलामुलींना एक गोष्ट सांगावीशी वाटते. रामबागेतले आजोबा जन्मभर घरात मराठी आणि दुकानात हिंदी बोलले असतील, तर वाचाघातानंतर दोन्ही भाषा सारख्याच परत येतील असं नाही. एक लवकर उघडते, दुसरी अडून राहते. फक्त हिंदीत तपासलं तर निम्मा माणूस तपासायचा राहतो. दोन्ही भाषा घरातूनच आलेला थेरपिस्ट हे काम फार चांगलं करू शकतो.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर उत्तर कायद्यात आहे. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२चा. परिषदेच्या नोंदवहीत नाव नसताना हा व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. बीएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा या विषयांतली पदवी, हा चार वर्षांचा कोर्स आहे, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. शरीररचना, मेंदू, ध्वनिशास्त्र, भाषाशास्त्र, मानसशास्त्र आणि श्रवणतपासणी हे सगळं त्यात येतं. एका वर्षाचा मान्यताप्राप्त डिप्लोमाही आहे, पण तो देखरेखीखाली काम करणाऱ्या सहायकांसाठी.

अ‍ॅप सराव करून घेतं, मीही पालकांना सुचवते. मूल ‘स’ का म्हणत नाही, ते अ‍ॅपला कळत नाही. उंच स्वर ऐकू येत नसतील, टाळूतून हवा नाकात जात असेल, किंवा नुसती जिभेची सवय असेल. तिन्हींचे उपाय वेगळे.

आता मराठी बंद करण्याचा सल्ला. मेसेजातली ही ओळ मला सर्वांत घातक वाटते. दोन भाषा ऐकल्याने वाचादोष होत नाही. अशा मुलाचे शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे असतात. पोळीला ‘पोळी’ न म्हणणारं मूल ‘रोटी’ म्हणत असेल तर शब्द त्याच्याकडे आहे. खरी अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते. मराठी बंद केली की प्रत्यक्षात काय होतं? आजी गप्प होते, म्हणजे दिवसभर मुलाशी जी सर्वांत जास्त बोलायची तीच. हिंदीवर आणण्यात वर्ष जातं आणि मग कळतं की मुलाला नीट ऐकूच येत नव्हतं. ऐकू न येणाऱ्या मुलासाठी पहिली काही वर्षं फार मोलाची असतात. मध्य प्रदेशात मुख्यमंत्री बाल श्रवण योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायच्या ऐकण्याच्या यंत्रासाठी, मदत मिळते, पण ऑपरेशननंतर ऐकलेल्याचा अर्थ लावायला शिकवणारी थेरपी बराच काळ चालते. ती देणारी माणसं याच ‘हुकलेल्यांच्या’ कोर्समधून तयार होतात.

राहिला पैसा. इथे मेसेजात थोडं तथ्य आहे. खाजगी सेंटरांत नव्या मुलांना पगार कमी देतात, काम भरपूर घेतात. लहान मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या सरकारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत जागा असतात, पण त्यातल्या पुष्कळ कंत्राटी. स्वतःचं क्लिनिक जमायला वर्षं लागतात. सुरुवातीपासून जाडजूड पगार हवा असेल तर हा रस्ता तुमचा नाही, हे मी मुलांना तोंडावर सांगते. जे येणार असतील त्यांनी प्रवेश घेण्याआधी कॉलेजला परिषदेची मान्यता आहे का आणि ती कुठल्या वर्षापर्यंत आहे, हे परिषदेच्या वेबसाइटवर बघावं. मान्यता ठरावीक मुदतीचीच असते. आणि इंटर्नशिपला मोठं हॉस्पिटल मिळतं का, तेही विचारावं. गिळायला त्रास होणारे पेशंट तिथेच बघायला मिळतात.