काम सुरू झालं की आधी नोटीस पाठवा

परवा मंडळाच्या कार्यक्रमात एक तरुण भेटला. टाइल्सची सबकॉन्ट्रॅक्टची कामं करतो. म्हणाला, "दादा, चार महिन्यांचे पैसे अडकलेत." मी विचारलं, प्रिलिमिनरी नोटीस (आपण या कामावर आहोत, हे मालकाला वगैरे सुरुवातीलाच लेखी कळवणं) पाठवली होतीस का? तर म्हणे, "ओळखीच्या माणसाला नोटीस कशी पाठवणार? वाईट दिसतं हो."

बारा वर्षांपूर्वी मीही हेच म्हणायचो. म्हणून कॅलिफोर्नियात बांधकामाच्या धंद्यात असलेल्या आपल्या लोकांसाठी लिहितोय.

माझे वडील सांगलीकडे सेंटरिंगची कामं घ्यायचे. बिल्डरने पैसे थकवले की हेलपाटे घालायचे, बस्स. उभ्या केलेल्या इमारतीवर त्यांचा कसलाच हक्क नसे. इथे मात्र ज्याने घाम किंवा माल घातला, त्याला त्या मालमत्तेवर बोजा चढवता येतो. त्याला मेकॅनिक्स लीन म्हणतात आणि हा हक्क राज्याच्या घटनेतच लिहिलेला आहे. एवढा मोठा हक्क आपण भिडेखातर सोडून देतो, याचं मला फार वाईट वाटतं.

हा हक्क टिकवायचा तर ज्याचा करार थेट मालकाशी नाही, त्याने मालक, मेन कॉन्ट्रॅक्टर आणि बांधकामाला कर्ज देणारी बँक यांना काम सुरू केल्यापासून 20 दिवसांत नोटीस द्यायची असते. उशीर झाला तरी देता येते, पण मग नोटिशीच्या आधीचे 20 दिवस आणि पुढचं काम एवढंच धरलं जातं. तेव्हाच्या माझ्या एका कामात पहिला माल 3 मार्चला उतरला होता आणि नोटीस गेली 12 मेला. म्हणजे 22 एप्रिलच्या आधीचा सगळा माल लीनबाहेर. नेमका महागडा माल तोच होता. मेन कॉन्ट्रॅक्टरने हात वर केले आणि ते पैसे आजतागायत आलेले नाहीत.

'वाईट दिसतं' म्हणणाऱ्यांनी नोटिशीचा छापील मजकूर एकदा वाचावा. कायद्याने ही नोटीस द्यावी लागते आणि तिच्यातून कॉन्ट्रॅक्टरच्या आर्थिक स्थितीबद्दल काही सुचवायचं नाही, असं तिच्यातच लिहिलेलं असतं. इथले जुने कॉन्ट्रॅक्टर तर नोटीस आली नाही तर उलट विचारतात.

पुढच्या तारखाही कडक आहेत. काम पूर्ण झाल्यापासून 90 दिवसांत काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे मालमत्तेच्या नोंदी ठेवणाऱ्या स्थानिक कार्यालयात, लीन नोंदवायचा. मालकाने नियमाप्रमाणे काम पूर्ण झाल्याची नोटीस नोंदवली असेल, तर सबकॉन्ट्रॅक्टर आणि माल पुरवणाऱ्याच्या हाती त्या नोंदीपासून फक्त 30 दिवस. लीन नोंदवल्यावर 90 दिवसांत दावा दाखल केला नाही, तर त्या लीनच्या जोरावर वसुली करता येत नाही. सरकारी कामावर लीन चालत नाही, तिथे कॉन्ट्रॅक्टरचे पैसे रोखून धरायला लावणारी स्टॉप पेमेंट नोटीस असते. आणि कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स लागतं अशा कामात ते नसेल, तर यातलं काहीच हाती लागत नाही.

त्या टाइल्सवाल्या तरुणाचं काम अजून चालू आहे. आज सकाळी त्याने सर्टिफाइड मेलने तिन्ही नोटिसा टाकल्या. मागचे 20 दिवस तरी वाचले.