बोथट चाकू आणि डाव्या बोटावरची रेघ

परवा मुलीच्या हातात घडीचा चाकू दिला आणि घरात दोन तट पडले. मुलगी दहा वर्षांची. एका तटाचं म्हणणं, 'डोकं ठिकाणावर आहे ना?' दुसऱ्या तटात मी एकटाच. (मुलगी माझ्या बाजूने आहे, पण तिचं मत म्हणे धरत नाहीत.)

मला पहिला चाकू मिळाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मामाचा जुना. लाकडी मूठ, एकच पातं, तेही साध्या पोलादाचं. पावसात भिजला की दुसऱ्या दिवशी त्यावर तांबूस ठिपके. पातं उघडायला नखाएवढी खाच होती, पण माझं नख त्या खाचेला पुरायचं नाही, वाकायचं. एकदा पातं हललं की मात्र मुठीतली पट्टी 'टक्' करून बसायची. त्या आवाजासाठी मी दिवसातून पन्नास वेळा तो उघडमीट करायचो.

सुट्टीत सकाळी बाहेर पडलो की अंधार पडेपर्यंत पत्ता नसायचा. खिशात चाकू आणि थोडी सुतळी. त्या चाकूने काही भव्यदिव्य केलं नाही, काठ्या सोलल्या. ओल्या फांदीची साल लांबच लांब पट्टीत निघते आणि आतलं पांढरं लाकूड हाताला गार लागतं. वाळकी फांदी हट्टी. ढलप्या उडतात, गाठ आली की पातं अडतं. मग फांदी फिरवायची, उलट्या बाजूने यायचं. हे कोणी शिकवलं नाही, फांदीनेच शिकवलं म्हणा.

मामाने तीनच गोष्टी बजावल्या होत्या: पातं अंगापासून दूर चालवायचं, दुसऱ्याला मिटवूनच द्यायचा, आणि हातात उघडा असताना पळायचं नाही. चौथी सांगायची राहिली. अशा चाकूला लॉक नसतं, पातं उघडं राहतं ते फक्त मुठीतल्या पट्टीच्या दाबावर. मी काठीला भोक पाडायला टोक जोरात खुपसलं आणि पातं सरळ उलटं मिटलं. डाव्या हाताने काठी धरायची सोडून पात्याच्या बुडाशी बोट ठेवलेलं. ती पांढरी रेघ अजून आहे.

दोन दिवस बोट लपवलं. तिसऱ्या दिवशी मामा म्हणाला, "आण इकडे." मी बोट पुढे केलं. "बोट नाही रे, चाकू."

त्याने पात्यावरून अंगठा आडवा फिरवला आणि माझ्यावर नाही, स्वतःवरच वैतागला. धार गेली होती. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेलं पातं सटकलं की कुठे जाईल याचा भरवसा नाही. त्या संध्याकाळी तो मला दगडावर धार लावायला शिकला. हो, 'शिकला'च, कारण शिकवताना त्यालाही नीट जमेना. पातं काटकोनात धर, त्याच्या निम्मं कर, पुन्हा निम्मं, आणि अजून किंचित झोपव. साधारण वीस अंश झाले. दोन्ही बाजूंना सारखेच हात.

म्हणूनच 'मुलांना बोथट द्या, सुरक्षित असतं' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

दुसरा आक्षेप, हे शस्त्र आहे. अहो, स्विस सैन्याने १८९१ मध्ये शिपायांना दिलेल्या घडीच्या चाकूतही पात्याबरोबर भोक पाडायचा टोच्या, डबे उघडायचं हत्यार आणि स्क्रू ड्रायव्हर होता. कशासाठी? डबाबंद अन्न खायला आणि रायफल खोलायला. सैन्याला जे अवजार वाटलं ते आपल्याला शस्त्र वाटतं! विमानात नेऊ देत नाहीत ते कबूल, तिथे मी वाद घालत नाही. शाळेतही नको.

मुलीला दिलेला ओपिनेलचा आहे, टोक गोल असलेला. या फ्रेंच चाकूच्या मुठीला १९५५ पासून फिरवायचं कडं असतं. ते फिरवलं की उघडं पातं मिटत नाही. कडं दाखवताना तिला माझं बोटही दाखवलं.

काल ती पायरीवर दोन तास बसली होती. मी लांबून बघत होतो, हात पाठीमागे बांधून, कारण मोकळे सोडले असते तर मध्ये घातले असते. शिट्टी करायची होती. झाली, पण वाजत नाही, फुंकलं की नुसती हवा. तिचं म्हणणं खाच पुढे झाली. फांदी नवीन आणायची आहे, आणि मी सोबत यायचं नाही.